कलाकाराचे पैसे कोणाच्या खात्यात जातात? कामगार आणि सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री आणि मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

काम आणून देणाऱ्या मध्यस्थांच्या हातून जाणाऱ्या कलाकारांच्या पैशांबद्दलचे हे पत्र आपणा दोघांना एकदमच लिहिते आहे, कारण एकाला लिहिले की ते दुसऱ्याकडे रवाना होते. कलाकार म्हटले की कामगार खाते सांस्कृतिक कार्य खात्याकडे बोट दाखवते आणि पैशांचा विषय निघाला की सांस्कृतिक कार्य खाते कामगार खात्याकडे. आमची फाइल मधल्या जिन्यात.

मी मराठी मालिकांत आणि जाहिरातींत चरित्र भूमिका करते. आई, सासू, शेजारीण, मुख्याध्यापिका, क्वचित न्यायाधीश. चेहरा लोकांना ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही, अशा वर्गातली. नाव इथेही देत नाही. आपल्या कार्यालयांत दिलेल्या प्रतींवर नाव, पत्ता, सही सगळे आहे. इथे दिले तर ज्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून मला काम मिळते, त्यांतून संध्याकाळपर्यंत माझा नंबर काढून टाकला जाईल. तक्रार करणाऱ्या कलाकाराला कोणी रागावत नाही. फक्त फोन यायचा बंद होतो.

आमच्यासारख्यांना निर्माता थेट फोन करत नाही. फोन येतो कोऑर्डिनेटरचा, म्हणजे कमिशन घेऊन काम आणून देणाऱ्या मध्यस्थाचा, नाहीतर ग्रुपवर मेसेज पडतो: 'अर्जंट. आई, ४५ ते ५५, महाराष्ट्रीयन लूक. शूट उद्या, मढ. बजेट ६ हजार, कन्व्हेयन्स धरून. पेमेंट ९० दिवस. प्रोफाइल आणि इंट्रो व्हिडिओ पाठवा.' यात कोण काढतेय, कशाची जाहिरात आहे, किती वर्षे चालणार, कमिशन किती, यातले काहीही नसते. विचारले तर उत्तर येते, 'मॅडम, करायचंय का नाही तेवढं सांगा, मागे लाइन आहे.'

आणि हा धंदा करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. उद्या सकाळी कोणीही नवे सिमकार्ड घ्यावे, कुठलेतरी कास्टिंग नावाने ग्रुप काढावा, दुपारपर्यंत शे-दोनशे मुलामुलींचे फोटो, मोबाइल नंबर, उंची, वजन, मापे त्याच्याकडे जमा होतात. नोंदणीकृत प्रकल्पातले घर दाखवणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते. न केल्यास २०१६ च्या कायद्यात दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, आणि २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. आखातात गवंडी पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, बँक हमी ठेवावी लागते, आणि कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक कर यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. सोसायटीला सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्याला परवाना लागतो. माणसाचा चेहरा, आवाज आणि देह बाजारात नेणाऱ्याला मात्र काहीही लागत नाही.

सगळे कोऑर्डिनेटर लुबाडतात असे मी म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये स्वतःच्या खिशातून कलाकारांचे भाडे भरणारे लोक मी या धंद्यात पाहिले आहेत. निर्मात्याशी भांडून जास्तीच्या शिफ्टचे पैसे काढून देणारेही आहेत. मध्यस्थ हवाच, आम्हाला वाटाघाटी जमत नाहीत आणि ऑडिशन कुठे चालू आहे हे आम्हाला कळत नाही. पण आज चांगला आणि वाईट कोऑर्डिनेटर यांत फरक करायला कलाकाराकडे एकच साधन आहे: एकदा फसून बघणे.

आता मूळ दुखणे.

काही काळापूर्वी मी तेलाच्या एका जाहिरातीत काम केले. मला मानधन सांगितले २५,००० रुपये, त्यातून २० टक्के कमिशन जाऊन हातात २०,०००. नव्वद दिवस उलटले. 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' सुरू झाले. पुढे 'क्लायंटकडूनच आलं नाही.' मग फोन उचलणे बंद. योगायोगाने त्याच प्रॉडक्शन हाऊसच्या दुसऱ्या कामाला गेले, तेव्हा तिथल्या हिशोबनिसाने सहज संगणकावर पाहून सांगितले, तुमचे तर केव्हाच दिले. रक्कम ४५,०००. चेक कोऑर्डिनेटरच्या फर्मच्या नावाने, टीडीएसही त्याच फर्मच्या पॅनवर कापलेला. मी घरी येऊन २६एएस (माझ्या पॅनवर कापलेल्या कराचा प्राप्तिकर खात्याकडचा उतारा) काढून बघितले. त्यात त्या कामाचा मागमूस नाही. म्हणजे मंत्रिमहोदय, सरकारदरबारी ते काम मी केलेलेच नाही. हसले मी आहे, दिवसभर कढईसमोर उभी राहिले मी, आणि कागदावर ते उत्पन्न एका फर्मचे.

वीस टक्के कमिशनबद्दल मी हे पत्र लिहिले नसते. वरचे वीस हजार, जे मला कधी सांगितलेच गेले नाहीत, त्यांच्याबद्दल लिहिते आहे. आमच्याकडे कोऑर्डिनेटरची सगळी ताकद एकाच गोष्टीत आहे: पैसा आधी त्याच्याकडे येतो आणि आकडा आमच्यापासून लपलेला असतो. ही एक गाठ सुटली तर बाकीच्या निम्म्या तक्रारी आपोआप गळून पडतील.

त्याच जाहिरातीचे पुढचे ऐका. करार (जो मला दाखवला नाही) एक वर्षाचा होता असे नंतर कळले. दुसऱ्या वर्षीही जाहिरात चालू होती. मुदत वाढवायची तर कंपनी रिन्यूअलचे पैसे देते. ते दिले का, किती दिले, कोणाला दिले? मी विचारायचे कोणाला? आणि जाहिरात चालू असेपर्यंत दुसऱ्या तेलाच्या कंपनीचे काम मला घेता येत नाही. रिन्यूअलचा पैसा मिळाला नाही तरी बंधन माझ्यावर आहेच.

पोलीस ठाण्यात गेले तर सांगण्यात आले की ही दिवाणी बाब आहे. कामगार खात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पाणी दिले आणि विचारले, 'बाई, तुमचा मालक कोण?' निर्माता म्हणतो आमचा तुमच्याशी करार नाही, आम्ही एजन्सीला पैसे दिले. कोऑर्डिनेटर म्हणतो मी फक्त मधला माणूस. त्या अधिकाऱ्यांच्या अर्जात मालकाच्या नावाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवून अर्ज घेता येत नव्हता.

कायदा अजिबात नाही असेही नाही, हे मला वकिलाने समजावले. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २१३ प्रमाणे एजंटाने मागितल्यावर हिशोब द्यायलाच हवा. कलम २१८ प्रमाणे आपले कायदेशीर देणे वजा करून, मालकाच्या वतीने मिळालेली सगळी रक्कम त्याने मालकाला द्यायला हवी. इथे 'मालक' म्हणजे मी, हे ऐकून बरे वाटले. दीडशे वर्षांहून जुना हा नियम. पण तो वापरायचा तर दिवाणी दावा, कोर्ट फी, वकील, तारखा. पंचवीस-तीस हजारांसाठी कोण जाणार? समोरच्याला हे पक्के माहीत असते, म्हणूनच तो एवढ्याच रकमा ठेवून घेतो.

आता आपल्या हातातली गोष्ट. १९८१ च्या सिने कामगार कायद्यात लेखी कराराची सक्ती होतीच, आणि तो करार माझ्या हातात क्वचितच पडला. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. या संहितेचे कलम ६६ म्हणते की दृकश्राव्य कामगाराशी लेखी करार निर्मात्याने करायचा, आणि कंत्राटदाराच्या वा अन्य व्यक्तीच्या मार्फत त्याला काम दिले असेल तर तिच्यासह करायचा. आणि तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवायचा. 'अन्य व्यक्ती' म्हणजे आमचा कोऑर्डिनेटर नाही तर दुसरे कोण? पण नियमांत हे स्पष्ट लिहिले नाही तर उद्या कोणीही म्हणेल, मी कंत्राटदार नाही, मी तर नुसता नंबर दिला.

पैसे उकळायची दुसरी जागा म्हणजे नवी मुले. लातूरहून, जळगावहून, गडहिंग्लजहून आलेली, एकांकिका स्पर्धांत बक्षिसे घेतलेली मुले अंधेरीतल्या आराम नगरच्या गल्ल्यांतून, जिथे ऑडिशन चालतात, फिरत असतात. त्यांच्याकडून नोंदणी शुल्क, पोर्टफोलिओचे पैसे (फोटोग्राफरही ठरलेला), 'चॅनलची ऑडिशन फी', दोन दिवसांची कार्यशाळा, आर्टिस्ट कार्ड. कोणतेही चॅनल ऑडिशनसाठी पैसे घेत नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. आईने सोने गहाण ठेवून दिलेले पैसे असे गेल्याचे मी मेकअप रूममध्ये ऐकले आहे, एका मुलीच्या तोंडून, तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकली जात असताना.

ऑडिशन म्हणून फ्लॅटवर बोलावणे, 'कॉम्प्रमाइज'ची भाषा, हे आपण वर्तमानपत्रांत वाचता. मी लांबण लावत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात पीडित स्त्री नोकरीत असो वा नसो, तिला तक्रारीचा अधिकार आहे, आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पण ज्याचा पत्ता नाही, फर्मचे खरे नाव नाही, त्याच्याविरुद्ध अर्ज कोणत्या नावाने करायचा? नोंदणी असली तर निदान नाव आणि पत्ता असेल. केरळात हेमा समिती २०१७ मध्ये नेमली गेली, तिने २०१९ च्या शेवटच्या दिवशी अहवाल दिला आणि तो लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. आपणही समिती नेमणार असाल तर आधी अहवाल प्रसिद्ध करायची तारीख जाहीर करा, मग सदस्यांची नावे.

मुलांबद्दल मात्र थांबून बोलायला हवे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांत बालकलाकारांसाठी चांगल्या तरतुदी आहेत. चित्रीकरणाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जमा. उत्तम. पण वीस टक्के कशाचे? निर्मात्याने दिलेल्या रकमेचे, की कोऑर्डिनेटरने आईला सांगितलेल्या रकमेचे? सेटवर माझ्या नातवाची भूमिका करणाऱ्या पोराची आई मला तिचा आकडा सांगायची. तो एवढा कमी होता की मला माझ्याच आकड्याचा संशय यायला लागला. नियमांत निर्मात्यावर जबाबदारी आहे, पालकांची संमती आहे. मुलांचे काम आणून देणारा आणि पैसा हाताळणारा मधला माणूस कुठेच नाही. आणि मुले पुरवणे हा वेगळा, तेजीतला धंदा आहे.

जरा मोठे नाव झालेल्यांची तक्रार वेगळी. त्यांना मॅनेजर मिळतो आणि तीन-पाच वर्षांचा एक्स्क्लुझिव्ह करार मिळतो. मॅनेजरने काम आणो वा न आणो, कलाकाराने स्वतः मिळवलेल्या प्रत्येक कामातही त्याचा वाटा. सोडायचे तर नुकसानभरपाई. बावीस वर्षांच्या मुलीने पहिल्या मालिकेच्या आनंदात सही केलेली असते. दक्षिण कोरियात अशा करारांवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा २००९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने प्रमाणित करार आणून मुदत सात वर्षांपर्यंत आणली, आणि नंतर कायद्याने एजन्सींना नोंदणी लावली.

कॅलिफोर्नियात, जिथे हॉलीवूड आहे, टॅलेंट एजंटाला कामगार आयुक्ताचा परवाना लागतो. लक्षात घ्या, कामगार आयुक्ताचा. ५०,००० डॉलरची हमी ठेवावी लागते. शुल्काचा तक्ता आणि कराराचा नमुना आयुक्ताकडे द्यावा लागतो. कलाकाराच्या वतीने आलेला पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवून ३० दिवसांत कलाकाराला द्यावा लागतो. नोंदणी शुल्क घेण्यास बंदी. भांडण झाले तर निवाडाही आधी आयुक्ताकडेच.

पण तो कायदा जसाच्या तसा उचलू नका, अशीही माझी विनंती आहे. तिथे परवाना नसलेल्या मॅनेजरने एखादे काम मिळवून दिले तर त्याचे कमिशन बुडू शकते, आणि कलाकार मोठा झाल्यावर याच कलमाचा फायदा घेऊन मॅनेजरचे पैसे बुडवतो, ही तिथल्या मॅनेजरांची जुनी तक्रार आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की एका विनापरवाना बुकिंगमुळे सगळा करार आपोआप रद्द होत नाही. आपण एजंट आणि मॅनेजर असे दोन कप्पे करूच नयेत. जो कलाकाराच्या कामाच्या बदल्यात पैसे घेतो, तो नियमांत आला. ब्रिटनने तर १९९० च्या दशकात एजन्सींचा परवाना रद्द केला, पण वागणुकीचे नियम आणि तपासणी ठेवली. माझ्या मते परवान्याचा कागद भिंतीवर टांगण्यापेक्षा हे नियमच महत्त्वाचे. आणखी एका खिडकीवर आणखी एक टेबलाखालचा व्यवहार सुरू व्हावा, अशी आमच्यातल्या कोणाचीच इच्छा नाही.

खरे तर एवढ्या लांब जायचीही गरज नाही. १९६९ मध्ये याच राज्याने माथाडी कायदा केला. हमालाला टोळीवाला काम द्यायचा आणि मजुरीही टोळीवाल्याच्या हातून यायची. अण्णासाहेब पाटलांनी लढा उभारला आणि कायद्याने मंडळ आले. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला द्यायची. टोळीवाल्याच्या हातातला पैसा काढून घेतला, तसा त्याचा जोरही गेला. त्या मंडळांत पुढे काय काय बिघडले ते आपणास ठाऊक आहेच. पण मूळ कल्पना महाराष्ट्राची आहे आणि ती चालली. मढमधल्या सेटवर उभा असलेला ज्युनिअर आर्टिस्ट आज त्या हमालाच्या जागी आहे. फरक एवढाच की त्याच्या अंगावर सरदाराचा पोशाख असतो.

'छोट्या कोऑर्डिनेटरांचे पोट जाईल' असे म्हणणारे भेटतील. शुल्क नाममात्र ठेवा, हमीची रक्कम उलाढालीप्रमाणे ठरवा, नोंदणी मोबाइलवरून होऊ द्या. प्रामाणिक माणसाचे यात काही जात नाही. उलट, त्याला आज बोगस ग्रुपवाल्यांशी स्पर्धा करावी लागते, ती थांबेल.

आमच्या मागण्या:

१. कलाकाराचे मानधन निर्मात्याने थेट कलाकाराच्या बँक खात्यात, कलाकाराच्या पॅनवर टीडीएस कापून जमा करावे. कमिशनचे बिल कोऑर्डिनेटरने कलाकाराला वेगळे द्यावे. पैसा मध्यस्थामार्फतच यायचा असेल तर तो वेगळ्या खात्यात यावा, पंधरा दिवसांत पुढे जावा, आणि निर्मात्याने दिलेल्या रकमेची पावती त्याच दिवशी कलाकाराच्या मोबाइलवर यावी. बाकी सगळ्या मागण्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, ही नाही.

२. कोऑर्डिनेटर, कास्टिंग एजन्सी, मॅनेजर या सर्वांची नोंदणी, कोणालाही पाहता येईल अशा यादीसह. प्रत्येक कास्टिंग मेसेजवर नोंदणी क्रमांक.

३. काम मिळण्याआधी कलाकाराकडून कोणत्याही नावाने पैसे घेणे हा गुन्हा ठरवावा.

४. कलम ६६ च्या कराराचा नमुना मराठीतही काढावा आणि त्याची प्रत शूटच्या आधी कलाकाराला मिळावी. त्यात एकूण मानधन, कमिशन, जाहिरातीची मुदत, रिन्यूअल आणि पैसे देण्याची तारीख हवी. एक्स्क्लुझिव्ह कराराला कमाल मुदत हवी. कमिशनला मर्यादा किती, हे दोन्ही बाजूंना बसवून ठरवा. न्यूयॉर्कमध्ये नाटक-सिनेमाच्या एजंटांना साधारण १० टक्क्यांची मर्यादा आहे, मला स्वतःला १५ पर्यंत गैर वाटत नाही.

५. बालकलाकाराची २० टक्के ठेव निर्मात्याने दिलेल्या पूर्ण रकमेवर मोजावी आणि मुलांचे काम पाहणाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी.

६. कामगार आयुक्तालयात या तक्रारींसाठी एक नेमलेला अधिकारी, मुंबईबरोबर पुणे आणि कोल्हापुरातही. वकिलाशिवाय अर्ज, साठ दिवसांत निर्णय. अर्जात मालकाचा रकाना रिकामा असला तरी तो घ्यावा.

या विषयावर बैठक बोलावलीत तर कलाकारांची संघटना सिंटा, चित्रपट महामंडळ आणि निर्माते येतीलच. कोऑर्डिनेटरांनाही बोलवा, त्यांच्यातले जुने लोक बोलायला तयार आहेत. आणि प्रॉडक्शन हाऊसच्या हिशोब विभागातली दोन-चार माणसे जरूर बोलवा. कोणता चेक कोणाच्या नावाने निघतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आपली नम्र,
मराठी मालिका आणि जाहिरातींत काम करणारी एक अभिनेत्री